दगडी पाला आणि न दुखणारा पाय

साखरेचा आजार असलेल्या आणि घरात एकट्या राहणाऱ्या बायांसाठी मी हे लिहायला घेतलं आहे. माझ्यावर कोणकोणते उपचार झाले त्यांची नावं मला नीट सांगता यायची नाहीत. मला काय झालं, मी काय केलं आणि काय लपवलं, एवढंच सांगते.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. तिथल्या अंगणवाडीत मी तीस वर्षं सेविका होते. माझं नाव विमल, पण गावात त्या नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे बाई म्हणतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बाईच. मालक मुंबईला असतात. आधी बाजारात माथाडी होते, आता एका इमारतीवर वॉचमन आहेत. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण एकत्र राहिलो ते यात्रेला, दिवाळीला आणि कुणाच्या मयतीला. एकुलती मुलगी रेखा सांगलीजवळ कुपवाडला दिली. ती आणि जावई दोघंही तिथल्या कारखान्यांत कामाला. त्यामुळे घरात मी आणि दोन शेळ्या.

साखर निघाली त्याला सहा वर्षं झाली होती. गोळ्या होत्या. बरं वाटलं की मी त्या सोडायचे आणि चक्कर आली की पुन्हा धरायचे. तळपायांना मुंग्या यायच्या, पुढं त्याही यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं, एक दुखणं कमी झालं. चालताना चप्पल निसटून मागं राहायची आणि मला चार पावलांनी कळायचं. शेजारच्या बाया हसायच्या, मीही हसायचे.

काटा

उन्हाळ्याचे दिवस होते. शेळ्यांसाठी ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंगा वेचून घरी आले, चहा ठेवला आणि वळून बघते तर दारापासून चुलीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके. मी आधी शेळीचा पाय बघितला. मग दुसरीचा. मग माझ्या लक्षात आलं की शेळ्या तर बाहेर बांधल्यात, त्या घरात आल्याच नाहीत.

चप्पल काढली तेव्हा काटा चपलेबरोबर बाहेर आला. उजव्या पायाच्या करंगळीखाली बोटाच्या पेराएवढा आत गेला होता. मी तो हातात घेऊन बघत बसले. एवढा मोठा काटा घेऊन मी ओढ्यापासून घरापर्यंत चालत आले होते.

दगडी पाला आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. बांधावर, भिंतीच्या कडेला, रस्त्याच्या मातीत, कुठंही उगवतो. खरखरीत पानं आणि लांब दांड्यावर एकच पिवळसर पांढरं फूल. उन्हाळ्यात सगळं करपतं तेव्हाही आमच्या मोरीच्या सांडपाण्यावर तो हिरवा असतो. लहानपणी खुरपं लागलं, गुडघा फुटला की आई दोन पानं तळव्यात चोळून रस पिळायची. अस्सा झोंबायचा की जखमेपेक्षा त्यानंच रडू यायचं. आई म्हणायची, "झोंबला की गुण येतुया." आणि खरंच रक्त थांबायचं, खपली धरायची.

तसाच मी तो चोळला, रस पिळला, चोथा वर ठेवून फडक्यानं बांधला. झोंबला नाही. एवढी मोठी जखम आणि रस पाण्यासारखा गार लागला. तिथंच मला थांबायला हवं होतं. पण न झोंबणं मला सुखाचं वाटलं.

रोज सकाळी जुना चोथा असेल तसा ठेवून त्यावर नवा लावायचा, असं मी बारा दिवस केलं. हिरव्याचा काळा थर झाला. त्याखाली काय आहे ते बघायचं तर पाय वळवून तोंडापाशी आणावा लागतो आणि माझे गुडघे तसे वळत नाहीत.

दवाखान्यात का गेले नाही? याला कारण आहे आणि ते सांगायला मला जड जातं. आमच्या शेजारच्या शालनचा मुलगा लहान असताना त्याला कावीळ झाली होती. ती त्याला मुळी बांधणाऱ्याकडे घेऊन गेली. मी तिला अंगणवाडीच्या भर बैठकीत, चार बायांसमोर, झाडून काढलं होतं. "सातवी शिकलीस आणि लेकराच्या गळ्यात मुळ्या बांधतेस? उद्या काही झालं म्हणजे?" ती रडत उठून गेली होती. त्या बैठकीतल्या सगळ्या बाया अजून गावात आहेत. आता त्यांच्यासमोरून मी पाय ओढत जायचं आणि पाला लावून बसले होते म्हणून सांगायचं, हे मला जमेना. मी घरात बसले.

वास

माझ्या जागेवर आलेली नवी सेविका स्वाती अधूनमधून काही विचारायला यायची. बाराव्या दिवशी ती आली तेव्हा फोनवर माहिती कशी भरायची यावरून आमचं बोलणं चाललं होतं. मध्येच तिनं नाकाला पदर लावला.

"बाई, घरात उंदीर मेलाय का कुठं?"

मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. आम्ही दोघींनी मिळून धान्याची पत्र्याची कोठी सरकवली, भांड्यांची फळी रिकामी केली. स्वाती वाकून कॉटखाली बघायला लागली आणि तशीच थांबली. तिचं डोकं माझ्या पायापाशी होतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या पायाला काय झालंय?"

"काय नाही गं. काटा लागलाय. बरा होत आलाय."

ती गेल्यावर मी कोमट पाण्यात पाय बुडवून तो थर सोडवला. करंगळी काळी पडली होती. तिच्या शेजारचं बोट सुजून चकाकत होतं आणि दोन्हींच्या मधे भोक पडलं होतं. मी त्यावर बोट दाबून बघितलं. काहीच वाटलं नाही. कुणाच्या तरी दुसऱ्याच माणसाचा पाय मांडीवर घेऊन बसल्यासारखं झालं.

त्यानंतरही मी दोन दिवस घालवले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं तर खरं लिहायचं. तिसऱ्या दिवशी तापानं मला उठता येईना. स्वाती पुन्हा बघायला आली आणि तिनंच रेखाला फोन केला. जावई ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आले. दहिवडीच्या डॉक्टरांनी फडकं सोडलं, लगेच पुन्हा बांधलं आणि म्हणाले, "इथं वेळ घालवू नका." रेखाला जवळ पडावं म्हणून मला सांगलीला नेलं.

डोळे मिटा

सांगलीतल्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं मला टेबलावर आडवं केलं आणि म्हणाला, "आजी, डोळे मिटा. मी पायाला टोचतो. टोचलं की हो म्हणायचं."

मी डोळे मिटले. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. पंख्याचा आवाज येत होता. मी वाट बघत राहिले. बराच वेळ झाल्यावर मीच म्हणाले, "करा ना सुरू."

"झालं, आजी," तो म्हणाला. "दोन्ही पायांना मिळून वीस ठिकाणी टोचलं."

मी डोळे उघडले तर रेखा भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मग त्यानं जखमेतून चिमट्यानं काहीतरी काढलं. हिरवट काळं, चोथ्यासारखं. "यावर काय लावलं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यानं तो चिमटा तसाच माझ्यासमोर धरून ठेवला. तो रागावला असता तर मी खोटं रेटून नेलं असतं. पण तो नुसता थांबला.

"दगडी पाला," मी म्हणाले. "बारा दिवस."

"आमची आजी पण लावायची," तो म्हणाला. "मला लहानपणी लावलाय. पण आजी, तुमच्या पायाला आत काय चाललंय ते कळत नाही. तुम्ही त्याच्यावर झाकण घातलंत आणि बारा दिवस उघडून बघितलं नाही. आता दोन बोटं काढावी लागतील. आज काढली तर पाय वाचेल."

सहीसाठी रेखानं वडिलांना फोन लावला. स्पीकरवर मालकांचा आवाज आला, "किती बोटं?" रेखा म्हणाली, दोन. मग ते म्हणाले, "तिला इचार." अडतीस वर्षांत आमच्या घरातली कुठलीच गोष्ट मला विचारून ठरली नव्हती. मी सही केली.

वॉर्ड

सकाळी बोट टोचून साखर बघायची, मग चहा, मग दहाच्या सुमाराला मलमपट्टीची ट्रॉली. तिचं एक चाक कुरकुरायचं. तो आवाज दारातून आत आला की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. ज्या बायांना दुखायचं त्या चादर तोंडात धरायच्या. मला दुखायचं नाही. सिस्टर माझं कौतुक करायच्या, "या आजी बघा, हूं की चूं नाही." मला ते कौतुक नकोसं व्हायचं.

एक मात्र विचित्र झालं. करंगळी जाग्यावर होती तेव्हा कित्येक दिवस मला ती कळत नव्हती. काढल्यावर तिसऱ्या दिवसापासून ती खाजायला लागली. बँडेजच्या कडेला जिथं काहीच नाही तिथं हात जायचा. सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं पुष्कळांना. मी घरात कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार, नसलेलं बोट खाजतंय म्हणून?

चार ते सहा भेटायची वेळ. तेव्हा बहुतेक खाटांभोवती माणसं, डबे, सफरचंदं. रेखा कामावरून सुटून, डबा घेऊन, शेवटच्या पंधरा मिनिटांत पोचायची. तोवर मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायचे. म्हणजे कुणाला माझी कीव करायला नको.

एके दिवशी रेखानं डबा उघडता उघडता बोलायला सुरुवात केली आणि तिला थांबता येईना.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची नखं बघत फिरलीस. त्यांची वजनं घेतलीस. कुणाच्या पोरीला ताप आला तर पावसातून चालत गेलीस. आणि मला एक फोन करता आला नाही? एक?"

"तुझी ड्युटी असते. त्यांची पण असते. कशाला त्रास..."

"हा त्रास नाही का, आई?" तिनं बँडेजकडं हात केला. मग डबा तसाच ठेवून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिनं मला भाकरी कुस्करून दिली.

हिराबाई

शेजारच्या खाटेवर हिराबाई होती. जतकडची धनगरीण, साठीची. मेंढरं घेऊन नदीकाठानं फिरत असताना पोटात कळ आली आणि ऑपरेशन करावं लागलं. तिची माणसं मेंढरं घेऊन पुढं गेली होती. मेंढरांना थांबवता येत नाही. एक सून दोन दिवसांआड येऊन डोकावून जायची. भेटायच्या वेळी वॉर्डात दोनच खाटा मोकळ्या असायच्या, तिची आणि माझी.

पहिले काही दिवस ती नुसती बघत होती. मग एकदा मलमपट्टी झाल्यावर म्हणाली, "बाई, तुमी काय लावलं हुतं?"

मी सांगितलं. मला वाटलं, हसेल.

"आमीबी लावतो," ती म्हणाली. "मेंढराच्या खुरात काटा गेला, चिखलानं खूर सडलं, तर ह्योच पाला. पर आदी खूर धुयाचं. आतली घाण काडायची. मग लावायचा. आनि दुसऱ्या दिशी पुना धुवून बघायचं. तुमी बघितला न्हवं रोज?"

"माझा पाय मला दिसत नाही हो."

"मेंढराला तरी कुटं दिसतो? त्येचा आमी बघतो." ती माझ्याकडं कुशीवर वळली. "मेंढरू लंगडलं की बरं असतंय बाई. कळपात कळतं, ह्येला काय तरी झालंय. जे लंगडत न्हाई आनि खूर मातूर सडलेलं असतं, त्ये लय वंगाळ. त्ये एक दिस बसतं आनि उटत न्हाई."

मग तिनं विचारलं, "तुमचा बघाय कोन हाय घरात?"

मी म्हणाले, "मालक मुंबईला असतात."

"म्हंजी कोन न्हाई," हिराबाई म्हणाली. तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिची चार दिवसांनी सुट्टी झाली. जाताना तिनं माझ्या उशाशी दोन लिंबं ठेवली आणि "पाय बघत जावा" एवढं म्हणून गेली. तिच्याकडं फोन नव्हता. पुढं ती कुठं गेली मला माहीत नाही. ती गेल्यावर चार ते सहा माझी एकटीचीच खाट मोकळी असायची.

मालक

मालक आले ते हिराबाई गेल्यावर दोन-तीन दिवसांनी. त्यांच्या जागी बदली वॉचमन मिळायला तेवढे दिवस लागले. स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर. आम्हा दोघांना इतका वेळ एका जागी बसायची सवय नव्हती. घरी आले की ते रानात, मी कामात. इथं उठून जायला काही कामच नव्हतं.

"जेवलीस का?"

"जेवले."

थोड्या वेळानं पुन्हा, "जेवलीस का?"

मी पुन्हा जेवले म्हणाले. ते खिडकीतून बघत राहिले. ट्रॉली आली की उठून बाहेर जायचे आणि पट्टी पूर्ण झाली की आत यायचे. मुंबईत रस्त्यावर अपघात बघितलेला माणूस, पण माझ्या पायाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला राग आला होता. पण तो राग मी त्यांना दाखवलाही नाही. तेही आमच्यात सवयीचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सिस्टरनी कागदावर सगळं लिहून दिलं. गोळ्या, इंजेक्शन, अनवाणी चालायचं नाही, चप्पल घालायच्या आधी हात घालून बघायची. शेवटी म्हणाल्या, "आणि रोज सकाळी कुणीतरी दोन्ही तळवे नीट बघायचे. बोटांच्या मधे पण. घरी कोण बघेल?"

रेखानं माझ्याकडं बघितलं. मालकांनी फरशीकडं. सिस्टर पेन धरून थांबल्या होत्या.

"मी बघेन," मी म्हणाले. "आरसा ठेवून."

दोन दिवसांनी मालक मुंबईला गेले. त्यांची रजा संपली होती.

कुपवाडची खोली

महिनाभर रेखाकडं होते. सकाळी साडेसातला दोघं गाडीवर बसून निघून जायची. शेजारच्या शेडमधल्या लेथ मशीनचा आवाज सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. त्या आवाजाला माणसाची सोबत समजून मी दिवस काढले. जेवायच्या सुट्टीत मशीन थांबलं की घर एकदम मोठं व्हायचं. दारासमोरून जाणाऱ्या बाया मला ओळखत नव्हत्या. गावात पाय ओढत चाललं तर लोक बोलतील याची मला भीती होती. इथं बोलायलाच कुणी नव्हतं.

आरसा फरशीवर ठेवून मी रोज तळवा बघायचे. पण आरशात बघायला मान वाकवली की माझीच सावली त्यावर पडायची. जेवढं दिसायचं त्यात मी समाधान मानायचे.

जखम भरली. आत मऊ गादी बसवलेली, मागं पट्टा असलेली खास चप्पल मिळाली. मी गावी जाते म्हटल्यावर रेखा नको म्हणाली, पण तिनं फार ताणून धरलं नाही. दिवसभर एकटी तर मी इथंही होते, हे तिलाही कळत होतं, मलाही.

शालन

गावात काय बोलणं झालं होतं ते मी यायच्या आधीच स्वातीनं फोनवर सांगितलं. "बाईनं पाला लावला आनि पाय कापला." निम्म्या लोकांच्या तोंडात अख्खा पाय गेला होता.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शालन आली. माझ्या शेळ्या इतके दिवस तिनंच सांभाळल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. फोनवर "शेळ्या ठीक आहेत" एवढंच सांगणाऱ्या स्वातीनं त्या तिच्याकडं नेऊन बांधल्या होत्या. तिनं दावी खुंटाला अडकवली आणि पदरानं हात पुसत दारात उभी राहिली.

"बाई, एक बोलू का?"

"बोल."

"तवा तुमी मला चार बायकांत बोलला. त्ये खरं हुतं, माज्या पोराला दवाखान्यात न्यायाच पायजे हुतं. न्हेलंबी म्या दुसऱ्या दिशी. पर त्या बोलन्यामुळं म्या तुमच्या दारात पाच वरसं आले न्हाई. आनि आता वाटतंय, आले असते तर तुमचा पाय दिसला असता मला."

तीस वर्षं मी बायांना जे सांगितलं ते बरोबर होतं, यावर मी आजही ठाम आहे. पण मी ते अशा आवाजात सांगितलं की त्यांची दुखणी माझ्यापासून लपवली गेली, आणि माझं दुखणं मी त्यांच्यापासून लपवलं.

"चुकलं माझं, शालन," मी म्हणाले. "तसं बोलायला नको होतं."

ती "जाऊ द्या" म्हणाली. आत आली नाही, पण जाताना माझ्या घागरी भरून ठेवल्या.

आता बाया विचारतात, बाई, पाला लावायचा की नाही? मी कुणावर ओरडत नाही. खरचटलं, खुरप्यानं कातडं निघालं, दुखतंय, झोंबतंय, तर आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, लावायचा तर लावा आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघा. काटा खोल गेला असेल तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि ज्याला साखर आहे, ज्याचा पाय बधिर आहे, त्यानं पाल्याला हातही लावू नये, तडक दवाखाना गाठावा. आमच्या मोरीवरचा पाला मी उपटून टाकला नाही. त्यानं माझं काही वाईट केलं नव्हतं.

फोटो

आरशाचं जमत नाही हे मी स्वातीजवळ बोलले होते. तिनं मला फोन पायाखाली धरून फोटो काढायला शिकवलं. पहिल्या दिवशी दहा फोटो काढले. नऊ फोटोंत भिंत आली. दहाव्यात तळवा आला, तर माझे डोळे अधू, मला त्यातलं बारीक काही दिसेना. रेखाला पाठवावा म्हणून बोट लावलं आणि तो गेला मालकांना.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याला तळपायाचा फोटो! पुसून टाकायचं कसं ते येईना. अर्ध्या तासानं उत्तर आलं.

"टाचेला काळं काय हाय."

मी टाच चोळली. चुलीची काजळी होती. तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "धुवून परत पाठव."

तेव्हापासून रोज सकाळी आठच्या आत फोटो जातो. त्यांची सकाळची पाळी असली तर गेटवर बसून बघतात. उत्तर दोन शब्दांचं. "बरा हाय." कधी नुसतं "हाय." एकदा त्यांनी लिहिलं, अंगठ्याच्या बाजूला भेग दिसतेय, दहिवडीला जाऊन ये. मला काही जाणवत नव्हतं, तरी एसटीनं गेले. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आलात. बाकी आमचं बोलणं होतं तेवढंच आहे. फोटोखाली आम्ही कधी पाऊसपाण्याचं लिहिलं नाही की जिवाभावाचं. उत्तर वाचून फोन खाली ठेवला की घर असतं तसंच रिकामं असतं.

पावसाळा सरत आला तेव्हा फोन शेळीच्या पाण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीला दहिवडीला दिला. दुकानदार म्हणाला, तीन दिवस लागतील. मी स्वातीच्या फोनवरून रेखाला कळवायला हवं होतं. पण स्वाती प्रशिक्षणाला साताऱ्याला गेली होती आणि नंबर कुणाचाच पाठ नव्हता. तीन दिवसांत काय होतंय, असं म्हणून मी सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडत होते. गल्लीच्या तोंडाला मालक दिसले. खांद्याला पिशवी, अंगात वॉचमनचा निळा शर्ट तसाच. ना सण होता, ना मयत. माझ्या हातातला झाडू खाली पडला.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"पाय कुठाय?" ते म्हणाले.

"आवं, फोन पाण्यात पडला. दुरुस्तीला..."

"त्ये मागनं सांग. बस आदी."

त्यांनी मला पायरीवर बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर उकिडवे बसले आणि खिशातून चष्मा काढला. मग माझा उजवा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. दवाखान्यात पट्टी सोडताना जो माणूस बाहेर जात होता, तो आता बोटं काढलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होता. उन्हाकडं पाय वळवून एकेका बोटाच्या मधे बघत होता. मला त्यांचा हात कळत नव्हता, नुसता दिसत होता. मी पदर सावरला. गल्लीतून शालन पाण्याला निघाली होती, समोरच्या घराचं दार उघडलं होतं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पाया पडत आले, त्यांचा हात माझ्या पायाला कधी लागला नव्हता.

"सोडा की," मी हळू आवाजात म्हणाले, "बाया बघत्यात."

"बघू दे," ते म्हणाले, आणि दुसरा पाय मागितला.